दिंडोरीच्या उन्हात तारपा

शनिवार, बावीस फेब्रुवारी. सोबत घेतलेली रक्कम चार हजार. हजर: मी, पत्नी सुनंदा आणि तिचा नाशिकचा भाऊ अविनाश. आम्ही साताऱ्याहून त्याच्याकडे दोन दिवस आराम करायला आलो होतो. आरामाचे स्वरूप त्याने सकाळी सात वाजता सांगितले.

दिंडोरीजवळच्या एका द्राक्षमळ्यात संध्याकाळी कोलंबियाच्या बँडचा कार्यक्रम होता आणि व्यवस्था अविनाशकडे होती. लोकवाद्ये आणि कॉम्प्युटर एकत्र वाजवून लोकांना नाचवणारा हा बँड. त्यांच्याबरोबर वाजवायला पेठकडचा एक तारपावाला यायचा होता. ठरलेला ड्रायव्हर फोन उचलत नव्हता.

"दाजी, पेट्रोल माझं," अविनाश म्हणाला.

पंचावन्न किलोमीटरवर, सावळघाट ओलांडल्यानंतर फाट्यावर सोमा भोये उभा दिसला. साठीचा माणूस, अंगात कडक धुतलेला सदरा, हातात चादरीत गुंडाळलेला तारपा (दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपानांचा लांब कर्णा मेणाने जोडून केलेले फुंकवाद्य). गाडीत त्याने खिडकीची जागा तारप्याला दिली. वाटेत आम्ही नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. ताट ऐंशी रुपये, भाकरी हवी तितकी. सोमाने तीन खाल्ल्या, मी पैसे वसूल होईपर्यंत.

मळ्यावर एक वाजता पोहोचलो. आंब्याखाली गाडी लावायचे शंभर रुपये, उघड्यावर फुकट.

"साहेब, सावलीला लावा," सोमा म्हणाला.

गाडी तापली तर काचा खाली करू, असे म्हणून मी ती उघड्यावर लावली. पास आल्याशिवाय वाद्य आत नेता येणार नाही, असे दारावरच्या माणसाने सांगितले, म्हणून तारपा गाडीतच राहिला. पास साडेतीनला आला.

दार उघडले तेव्हा मेण नरम होऊन सीटवर पाघळले होते आणि नळ्या भोपळ्यातून निसटल्या होत्या. सोमाने फुंकून पाहिले. नुसता वारा आला.

"शंभर वाचले," सुनंदा म्हणाली. "सीट कव्हर केवढ्याचं होतं?"

अविनाशने मात्र तोडगा लगेच काढला. गेल्या महिन्यात बँडच्या माणसाने सोमाच्या पाड्यावर जाऊन तारपा रेकॉर्ड करून नेला होता. तेच रेकॉर्डिंग कॉम्प्युटर वाजवील. "बाबा, तुम्ही फक्त तोंडाला लावून उभे राहा. पैसे तेवढेच."

"न वाजवता उभा राहू?" सोमा म्हणाला. "नाचणारा माझ्याकडं बघून पाय टाकतो. त्याला काय, लबाडी दाखवू? मी जातो घरी. पैसे नको."

इतकी सोपी कमाई नाकारणारा माणूस मी नोकरीच्या एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. शिवाय तो नाकारत होता ते माझ्यामुळे.

तेवढ्यात बँडमधली एलेना नावाची बाई पाण्याची बाटली घ्यायला आली. तिने सीटवरच्या मेणाचा वास घेतला, तारपा उलटसुलट करून पाहिला आणि निघून गेली. परतली ती आपली गाइता घेऊन. ही निवडुंगाच्या खोडाची लांब बासरी. तिचे डोके मेणात कोळशाची पूड कालवून केलेले असते. दुसऱ्या हातात त्याच काळ्या मेणाचा गोळा होता.

पुढची चाळीस मिनिटे दोघे चहाच्या शेगडीपाशी उकिडवे बसले. सुरी तापवायची, मेण लावायचे, फुंकायचे. ती तिच्या भाषेत बोलत होती, तो त्याच्या.

"नाय नाय, तिथं नको, खाली दाब."

तिने खाली दाबले. मी एक नळी धरली होती. ती हलवू नका, असे मला दोन्ही भाषांत सांगण्यात आले.

तारपा वाजला, पण त्याचा सूर उतरला होता. अॅकॉर्डियनवाला म्हणाला, आपल्या वाद्याचे सूर उतरत नाहीत, जमणार नाही. मग त्यालाच बाजूला बसवले आणि कॉम्प्युटरवाल्याने आपले यंत्र तारप्याच्या सुरापर्यंत खाली आणले. आधुनिकतेने एवढे नमते घेतलेले मी प्रथमच पाहिले.

पाच वाजता सोमा स्टेजवर चढेना. तारप्याभोवती नाचतात, मग लोक फिरणार कुठून, असे त्याचे म्हणणे. तो खाली गवतात उभा राहिला. एलेनाही गाइता घेऊन उतरली. तिच्या गावीही वाजवणारा मध्ये आणि नाचणारे भोवती, असे तिने अविनाशला सांगितले. माइकची वायर तिथपर्यंत पोहोचली नाही, तरी फेर धरला गेला. सुनंदा त्यात होती. मी पर्स आणि दोन मोबाइल सांभाळत होतो. आठ मिनिटांचे गाणे तेवीस मिनिटे चालले.

सोमाला ठरलेले मानधन मिळाले. मी नुकसानीचे पाचशे पुढे केले. त्याने ते मोजले आणि शंभर परत दिले.

"मेण बाईचं होतं. माझी फक्त मजुरी."

मी ते शंभर एलेनाला दिले. तिने ते नीट घडी करून ठेवले, मग अविनाशला विचारले, असे मेण इथे कुठे मिळते? सोमा म्हणाला, "हरसूलच्या बाजारात. मी आणून देईन." तिने घडी उलगडली आणि नोट त्याच्या हातावर ठेवली.

साताऱ्याला परतल्यावर मित्र विचारतात, परदेशी संगीत कसे वाटले? मला त्यातले कळत नाही. मला एवढेच सांगता येते की पैशाच्या बाबतीत मी स्वतःला काटेकोर समजत होतो, ते आता समजत नाही. शेवटी दिले: रुपये पाचशे, सोमा भोये यांना.