दोन सर्व्हिसिंग, एकच रीडिंग

सहा महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटर रीडिंग एकच होतं. १८,४१२. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

स्कूटर एका फिजिओथेरपिस्ट बाईंची. त्या बदलापुरात घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेतात. स्वतःचा व्यवसाय असला की गाडीचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, पण गाडी कामासाठी फिरली असेल तेवढाच. बाईंनी त्या सहा महिन्यांचं भरपूर पेट्रोल खर्चात दाखवलं होतं, आणि कागदावर गाडी जागची हललेली नव्हती.

मी सीए आहे, उल्हासनगरच्या एका फर्ममध्ये. ऑडिट रिपोर्टवर सही माझी असते. बिलं खोटी निघाली तर बाईंच्या आधी मी अडकणार.

फर्मचे मालक असलेल्या आमच्या सिंधी सरांनी दोन्ही बिलं उजेडात धरली. "एक ही दिन बने हैं. पूरा खर्चा काट दो, मॅडम."

मलाही तेच वाटत होतं. अक्षर एक, पेनही एकच. बाई फार साधेपणाने बोलायच्या, आता मला त्याचाही संशय यायला लागला. फोनवर फक्त "जरा येऊन जा" म्हटलं. कारण कळलं की लोक उत्तर तयार करून येतात.

त्या आल्या. मी बिलं पुढे सरकवली.

"मीटर बंद आहे, मॅडम. मांजर्लीत आमच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं ना, तेव्हापासून. गॅरेजवाला दिसेल ते लिहितो."

"मग किलोमीटर कुठून काढलेत?"

त्यांनी पेशंटची डायरी दिली. तारीख, नाव, पत्ता. सोनिवलीच्या एका आजोबांकडे आठवड्यातून चार फेऱ्या. मी मोबाइलवर अंतरं मोजली. जुळली.

"डायरी कालही लिहिता येते," मी म्हटलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बिलं मी बनवली असती, तर आकडा वाढवला नसता का?"

इतक्या वर्षांत एवढं मला सुचायला हवं होतं. लाज वाटली. तरीही खाली गेले आणि त्यांना स्कूटरवरून बिल्डिंगभोवती चक्कर मारायला लावली. काटा हलला नाही, आकडाही.

मुलीचा क्लास, भाजी वगैरे घरच्या कामांसाठी चौथा हिस्सा कापला. त्यांनी थोडी कुरकुर केली. बाकी खर्च धरला आणि सही केली.

संशय घेण्याचेच मला पैसे मिळतात. फक्त आता मी आधी पार्किंगमध्ये जाऊन गाडी बघते, मग टेबलाशी बसते.