टँकरच्या रांगेतली प्रार्थना

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्सबाई एकट्या राहायच्या. टँकरपाशी बायका भांडत असताना त्या तापल्या रस्त्यावर चप्पल काढून, डोळे मिटून प्रार्थना करायच्या. एकदा तेवढ्यात कुणीतरी त्यांची घागर मागं सारली. त्यांची पाळी येईपर्यंत पाणी संपलं.

मी चिडले. "बाई, डोळे उघडे ठेवा की! देवाला एवढं काय मागायलात?"

"मागत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "दिवसभर दवाखान्यात सगळ्यांचं ऐकते. माझं ऐकणारा तेवढा एकच हाय. बोललं की जीव निवतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागं उभी राहिले. त्यांनी डोळे मिटताच मी त्यांच्या घागरीवर हात ठेवला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत काढला नाही.