कुकरात उकळलेलं कपलिंग

हाडांच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर मी जेवणाच्या डब्याची पिशवी उघडली आणि तिच्यातून दोन पाइप जोडायचं एक लोखंडी कपलिंग काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"स्वच्छ आहे साहेब," मी म्हणालो. "घरी कुकरमध्ये उकळून आणलंय."

डॉक्टर कपलिंगकडे पाहत राहिले. बायको माझ्याकडे.

"कोणत्या कुकरात?" तिनं विचारलं. "वरनाच्या?"

आता थोडं मागचं सांगायला हवं. बायकोच्या पाठीत सळई आहे. शाळेत असताना तिचा कणा वाकडा होत चालला, म्हणून तिच्या वडिलांनी मुंबईला नेऊन ऑपरेशन करवलं. मणके एकमेकांना कायमचे जोडले आणि आधाराला पोलादी सळई बसवली. लग्न ठरवताना सासऱ्यांनी हे लपवलं नाही. माझ्या मित्रांना सासरहून स्टीलची भांडी मिळाली, मला स्टील असं मिळालं. तक्रार नाही. आमच्या घरात ताठ कणा म्हणावा असा तो एकच.

पण काही वर्षांनी, सळई जिथे संपत होती त्याच्या खालचे मणके डुगडुगायला लागले. वरचे सगळे एकजीव झालेले, त्यामुळे उठण्याबसण्याचा सारा भार या उरलेल्यांवर. तिथली नस दबली. आम्हाला ते कळलं इतवारीच्या बाजारात. भांड्यांच्या दुकानांपुढून जाताना मला दिसलं की हिच्या एका पायात चप्पलच नाही.

"काहून वं, चप्पल कुठी गेली?"

तिनं खाली पाहिलं तेव्हा तिला समजलं. हातगाड्या चुकवत मागे गेलो, तर चप्पल पार धान्याच्या दुकानाशी पडलेली. घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे ही गंभीर गोष्ट आहे.

डॉक्टर म्हणाले होते, नस मोकळी करू आणि सळई खालपर्यंत लांबवू. लांबवू म्हटल्यावर माझ्यातला कारखाना जागा झाला. मी हिंगण्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर. आमच्यात लोखंड लांबवायचं म्हणजे वेल्डिंग, नाहीतर कपलिंग. बायकोच्या पाठीत वेल्डिंग नको, एवढी अक्कल मला होती. म्हणून भंगारातून एक बरं कपलिंग निवडलं, घासलं, उकळलं. बायको मात्र ऑपरेशनला नाहीच म्हणत होती, आणि का ते सांगत नव्हती.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी दोन पेन्सिली घेतल्या आणि शेजारीशेजारी माझ्या कपलिंगमध्ये घातल्या.

"ही जुनी सळई, ही नवी. दोन्ही एका पकडीत धरायच्या. पकड मुंबईहून मागवू. ही तुम्ही घरी न्या."

बायको पेन्सिलींकडे बघत होती. "म्हंजे, जुनी उपटून नाही काढत?"

"नाही ताई. तिला हात लावायचा तो फक्त टोकाशी."

"मले वाटे, बोअरचा पाइप वढतेत तशी काढतीन."

महिनाभर ती हे पोटात घेऊन वावरत होती, आणि मी कपलिंग घासत होतो.

डॉक्टरांनी बाकीचंही सांगितलं. पायाची जाणीव परत येईल अशी आशा, खात्री नाही. कमरेतून वाकणं मात्र जवळजवळ संपेल. ती म्हणाली, "करा."

ऑपरेशन नीट झालं. पाय मात्र तसाच राहिला. रोज संध्याकाळी ती डोळे मिटून पडायची आणि मी झाडूची काडी तिच्या बोटांना लावायचो. कोणतं बोट? "मधलं," ती म्हणायची. असायचा अंगठा. एकदा मी काडी लावलीच नव्हती, पाणी प्यायला उठलो होतो, तरी ती "करंगळी" म्हणाली. माझं मन राखायला. मी म्हटलं, "बरोबर!" तिचं राखायला.

चालायला लागल्यावर तिनं पहिली मागणी केली ती नव्या कुकरची. जुन्यातल्या वरणाला म्हणे ग्रीसचा वास येतो. (मला कधी आला नाही.) म्हणून पुन्हा इतवारीत गेलो. कुकर घेतला, मी तो खांद्यावर घेऊन पुढे, ती मागे. गर्दी नेहमीचीच.

"थांबा!"

मी वळलो. ती रस्त्याच्या मधोमध उभी, खाली न बघता, ताठ, समोर पाहत. मागचा हातगाडीवाला ओरडत होता, तरी ती जागची हलली नाही.

"चप्पल निसटली माही," ती म्हणाली. "आत्ता. समजलं मले."

मी कुकर खांद्यावर घेऊन तसाच उभा. डोळ्यांपुढे इतवारी धूसर झाली. हातगाडीवाल्यानं माझ्या कुळाचा उद्धार केला, तोही गोड लागला.

"पाहून काय राहिले नुसते?" बायको म्हणाली. "उचला नं बापा. मले का वाकता येते?"