वजिराची मात

आमच्या घरी पाहुणे जेवून सुपारी कातरू लागले की मामा ती गोष्ट काढतातच. "याने लहानपणी संस्थानच्या उस्तादाला मात केली असती, पण हाच थांबला." मग पाहुणे माझ्याकडे आदराने पाहतात. मीठखात्यातल्या कारकुनाकडे आदराने पाहावे असे प्रसंग फार येत नाहीत, म्हणून मीही मान खाली घालून विनयी दिसतो. तेवढे मला चांगले साधते. आमचे कुटुंब मात्र आतून म्हणते, "थांबले ते अजून थांबलेलेच आहेत."

मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. कल्याणात मामांच्या ओसरीवर रोज दिवेलागणीपर्यंत बुद्धिबळाचा पट मांडलेला असे. मामा शाळेत पंतोजी होते. पण त्यांचा खरा वर्ग ओसरीवर भरे, आणि त्यात विद्यार्थी मी एकटा. त्यांचे म्हणणे असे, की जिंकणे वेगळे आणि शोभेने जिंकणे वेगळे. साध्या प्याद्याने राजाला मात केली तर ती खरी. हत्तीने केली तर बरी. आणि वजिराने? "अरे, वजिराने काय, शेजारची म्हैससुद्धा करील."

एकदा मी घाईने वजिराची मात केली. मामांनी पट गुंडाळला आणि आत हाक मारली, "आज याला ताक वाढू नका." मामींनी वाढले, पण पाणी घालून. तेव्हापासून डाव संपत आला की माझे डोळे आपोआप प्याद्यांवर जात. वजीर बिचारा पटावर नुसता उभा असे, लग्नातल्या लांबच्या काकांसारखा.

त्याच सुमारास एका संस्थानिकांच्या पदरचे बुद्धिबळवाले ठाण्याला एका वकिलांकडे येऊन उतरले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांना एक शिष्य हवा होता. राहणे, जेवणे, शिकणे, सगळे संस्थानात. इकडे माझ्या वडिलांनी मीठखात्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. उस्तादांनी घेतले तर संस्थान, नाही तर मीठ. मिठागराच्या चिखलाचा वास आला तरी मी नाक दाबून धरी. मामा मला घेऊन ठाण्याला गेले.

माझ्याआधी वकिलांचा पुतण्या बसला. त्याने घोडा फुकट घालवला, मग वजीर घालवला, आणि हरल्यावर निर्लज्जपणे विचारले, "उस्ताद, मी बुडालो कुठे?" उस्ताद मोहरी मागे लावून त्याला दाखवू लागले. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "शेणाचा गोळा आहे. तुझे काम झाले समज."

माझ्याशी खेळताना उस्तादांनी आपला एक हत्ती आधीच काढून ठेवला. तरी त्यांनी घाम काढला. दुपार कलली तेव्हा त्यांचा राजा कोपऱ्याजवळ आला होता आणि सोबतीला एकच प्यादे उरले होते. मग माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी राजा एक घर पुढे सरकवला आणि थांबले. मी माझे प्यादे पुढे ढकलले. मागून मामांचा तृप्त "हं" ऐकू आला. आणखी थोडे ढकलतो तो त्यांचे ते शेवटचे प्यादे माझ्या प्याद्याच्या तोंडी आले. मी ते मारले. मारल्यावर कळले की काय केले. समोरचा राजा एकटा उरला की आपल्याकडे बुर्जी होते. डाव तिथेच मोडतो, ना हार ना जीत.

उस्तादांनी मोहरी परत लावली. "मी इथे राजा पुढे आणला. तुझी वजिराने मात होती. दिसली होती?"

मी पाहिले. मात समोर होती, अंगणात विहीर असावी तशी. आणि मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी तोंड उघडले, तोच मामांचा हात खांद्यावर पडला.

"दिसली कशी नाही? आमच्याकडे वजिराची मात घेत नाहीत."

"मी मुलाला विचारतो आहे."

"मुलाला शिकवले कोणी?"

मामा बोलल्यावर भाच्याने बोलायचे नसते, आणि चार परक्या माणसांत तर नाहीच. माझी मान खाली गेली. तो होकार धरला गेला.

उस्ताद मोहरी पिशवीत भरू लागले. "हात चांगला आहे. या वयात माझा नव्हता. पण ज्याला दिसत नाही त्याला मी दाखवीन. ज्याला दिसते आणि शोभेसाठी जो सोडतो, त्याला मी काय शिकवू?" मग ते वकिलांकडे वळून म्हणाले, "तुमचा पुतण्या द्या."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "त्याला आपला खेळ झेपला नाही." पुढच्याच महिन्यात मी मिठागरावर छत्री धरून उभा होतो. त्या वासाची सवय होते असे सगळे म्हणत. सगळे चुकीचे म्हणत. वकिलांचा पुतण्या आता दरबारात खेळतो. प्याद्यानेही मात करतो म्हणतात, सवड असली की.

मामा आता थकले आहेत, पण गोष्ट थकलेली नाही. परवा आमच्या धाकट्याच्या मुंजीत पंगतीला त्यांनी ती पुन्हा सांगितली. या वयात मला कोण रागावणार, असे मनाशी म्हणून मी बोललो, "मामा, मला ती मात दिसलीच नव्हती."

मामांनी हातातला घास पानात ठेवला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "पाहा. अजून किती विनय."

पंगतीने माना डोलावल्या. मामींनी स्वतः उठून माझ्या द्रोणात ताक ओतले. या खेपेस दाट होते.