आबांचं सिम

आमच्या उसाच्या रानात विहिरीवरच्या मोटरला एक पेटी आहे. लाईट आली की ती घरी फोन करते. गेल्या साली जुनी पेटी नव्या नेटवर्कवर चालेना, म्हणून नवी बसवली. तिला चालू सिम हवं होतं. वडील नुकतेच वारले होते आणि त्यांचं सिम कपाटात पडून होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून मीच ते पेटीत घातलं.

दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला आणि पडद्यावर 'आबा' आलं. हातातला चहा सांडला.

"नाव बदला की, 'मोटर' करा," सांगलीहून आलेला मेकॅनिक हसत म्हणाला. त्याच्या बापाचं काय जातंय! ते नाव पुसायला माझं बोट अजून धजत नाही.

परवा माझा फोन अपडेट झाला. तेव्हापासून तो फोन करणाऱ्याचं नाव मोठ्यानं बोलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. भर दुपारी तो स्वयंपाकघरातून ओरडला, "आबा."

भाकरी थापणाऱ्या आईनं पिठाच्या हातानंच डोक्यावर पदर ओढला.

"उचल की रं लवकर," ती म्हणाली. "त्येन्ला थांबायला लावलेलं खपत न्हाई."