पडद्यावरची ओहोटी

हरिहरेश्वरला आमच्याकडे उतरणारा प्रत्येक पाहुणा बॅग खाली टेकवायच्या आधी विचारतो, "प्रदक्षिणेला कधी जायचं?" देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या अंगाने वळसा घालायचा, तर ओहोटीच हवी. भरतीत तिथे वाट नसते, नुसतं पाणी असतं. ओहोटी रोज पाऊणेक तास पुढे सरकते, म्हणून कालचं उत्तर आज चालत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. हे गणित मला झोपेतही येतं. पण तेच उत्तर दिवसातून वीस वेळा देऊन माझ्यासारखा बोलघेवडा माणूससुद्धा थकतो.

म्हणून मी पडवीतल्या कॉम्प्युटरला कामाला लावलं. पाहुण्यांच्या नोंदींपलीकडे तो दिवसभर झोपाच काढायचा. त्याच्या स्क्रीन सेव्हरमध्ये आपली अक्षरं लिहिता येतात, ती सोनेरी होऊन गरगर फिरतात. मी लिहिलं, 'प्रदक्षिणा' आणि पुढे वेळ. बायको म्हणाली, "जत्रेतल्या पाळण्यासारखं दिसतंय." मी ती स्तुती समजलो.

एकच अडचण होती. आमच्याकडे लाईट सारखी जाते. ती आली की बायको कॉम्प्युटरचं बटण दाबते, पण पासवर्ड फक्त मला ठाऊक. मी बाजारात असलो की यंत्र पासवर्डच्या पडद्यावर अडून बसायचं आणि मिनिटभरात काळंठिक्कर पडायचं. त्या पडद्याचा स्क्रीन सेव्हर निराळा असतो, हे मला माणगावच्या कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलं. कुठे शिरायचं, काय बदलायचं, तेही सांगितलं. एका रविवारी मी ते जमवलं. षष्ठी होती. बाहेरच्या, म्हणजे पासवर्डच्या पडद्यावरही सोनेरी 'प्रदक्षिणा साडेदहा' फिरू लागलं आणि मी अंगणात येऊन स्वतःलाच टाळ्या दिल्या.

पुढे रोज सकाळी मी पासवर्ड टाकून आत शिरून वेळ बदलायचो. आत बदलली की बाहेरही बदलणार, अशी माझी बालंबाल खात्री. आठवडाभर पाहुणे नव्हते, त्यामुळे त्या खात्रीला कुणी धक्काही लावला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कोल्हापूरचे एक निवृत्त काका आणि काकू आले. शनिवारी सकाळी मी मासळी आणायला गेलो. सव्वादहाला परतलो, तर बायको नारळ खवत बसलेली.

"पाहुणे कुठायत?"

"प्रदक्षिणेला गेले की."

"आत्ता? अगं, आज द्वादशी! नऊला भरती होती. ओहोटी तीनला!"

"मला काय दटावता? मघाशी लाईट गेली, आली, मी बटण दाबलं. तुमचा पाळणाच म्हणाला त्यांना, साडेदहा."

मी वळून पाहिलं. सहा दिवसांपूर्वीचे साडेदहा डौलात गिरक्या घेत होते. पिशवी तिथेच टाकून मी पळालो. पोट माझ्या एक पाऊल पुढे होतं.

डोंगर चढून कपारीतल्या पायऱ्यांपाशी पोचलो. काकू वरच्या पायरीवर हातात चपला घेऊन बसल्या होत्या. काका पार खाली, शेवटच्या कोरड्या पायरीवर, मनगटावरचं घड्याळ बघत उभे. त्यांच्या पुढ्यात लाट कातळावर आपटून फुटत होती.

"काका, वर या!"

"अजून चार मिनिटं आहेत," ते शांतपणे म्हणाले. "साडेदहाला उतरतंय पाणी."

"मघापासून हेच चाललंय," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, समुद्राला तुमचं घड्याळ दिसत नाही. तर म्हणतात, तू गप्प बस."

"अहो, ते साडेदहा चुकीचं आहे!"

"स्क्रीनवर लिहिलंय."

"स्क्रीनवर मीच लिहिलंय!"

"मग बरोबरच असणार," म्हणत त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतली.

गावच्या नाटकात मी आजवर राजेच केलेत. राजा कधी चूक कबूल करत नाही, आणि घरीही मी तोच रिवाज ठेवलाय. पण त्या क्षणी राजाच्याच आवाजात, अख्ख्या कपारीत घुमेल असा ओरडलो, "काका, मी गाढव आहे! आठवड्यापूर्वीची वेळ आहे ती! मी चुकलो!"

काकांनी मान वर केली. तेवढ्यात पुढची लाट आली आणि त्यांच्या कमरेपर्यंत भिजवून गेली. आम्ही दोघं खाली धावलो, मी दंड धरला, काकूंनी सदरा धरला, आणि आम्ही त्यांना ओढत चार पायऱ्या वर आणलं. ते धापा टाकत म्हणाले, "लेखी द्यायच्या आधी तपासावं माणसानं."

"तपासलं होतं. फक्त आतून."

घरी आल्यावर टॉवेल गुंडाळलेले काका खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. बाहेरच्या पडद्यावरची वेळ मी त्यांच्या देखत काढली. तिथे आता 'मालकिणीला विचारा' फिरतं. बायकोने मला मासळी साफ करायला बसवलं.

तीन वाजता काकूंनी मालकिणीला विचारलं, आणि आम्ही तिघं निघालो. कपारीखाली काळा कातळ लांबवर उघडा पडला होता. तरी शेवटच्या पायरीवर काका थबकले, बाजूला झाले आणि मला वाट करून दिली.

"आधी तुम्ही," ते म्हणाले.