न तुडवलेली माती

ओल्या मातीच्या भिंतीला एक वास असतो, आणि त्या वासाच्या आत, कान अगदी टेकवला तर, एक आवाज असतो. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. छपराच्या कवेलूंवरून निथळणारं पाणी, दूरचे बेडूक, आपलाच श्वास. आणि मग पुन्हा, आतल्या कुणीतरी विचार करून ठरवावं तसं, टक्. आता मी राहते ते घर पक्क्या विटांचं आहे, चुन्याने रंगवलेलं, आणि त्याच्या भिंतींमध्ये उंदरांखेरीज कुणी हालचाल करत नाही. तरी आषाढात झड लागली की माझा तळहात नकळत भिंतीकडे जातो. तुम्ही हसाल. खुशाल हसा, भंडाऱ्याहून लग्न होऊन नवेगाव बांध या गावी आले तेव्हा मीही अशा गोष्टींना हसणाऱ्यांतलीच होते.

आमच्या ह्यांची शाळा तिथे होती, आणि आमच्या कुडाला लागूनच ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वस्ती सुरू होई. तिकडे जगात लढाई चालली होती, तिचा आम्हाला पत्ता लागला तो रॉकेल मिळेनासं झालं म्हणून. बाकी सगळं जग म्हणजे ते तळं. तळं आपलं म्हणायचं. डोंगरांच्या कुशीत पसरलेल्या त्या विस्तीर्ण, निःशब्द जलराशीला एवढासा शब्द कुठला पुरायला? पावसाळ्यात ते चढे, आणि बांधाच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, खालच्या धानाला जीवन मिळे. आश्विन-कार्तिकात बायका छातीएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे काढीत, काठाला आपोआप उगवलेलं देवधान टोपलीत झोडून घेत. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळावर काकड्यांचे वेल पसरत. पौषात जिथे डोंगे तरंगत तिथेच वैशाखात गाई चरत. सारा गाव त्या येण्याजाण्यावर जगे आणि कुणाला त्यात नवल वाटत नसे. मला मात्र ते भयाण वाटे. आपण जमीन आहोत की पाणी हे ज्या जागेला स्वतःलाच ठरवता येत नाही, तिथे माणसाने पाय ठेवावा तो कशाच्या भरवशावर?

कुडापलीकडे पुनाबाई राहायची. तिचा नवरा मंगरू, आणि त्यांचा एकुलता एक सोमा. सोमा चांगला कर्ता झाला होता. जाळं फेकायला लागला की काठावरचे म्हातारे बोलणं थांबवून बघत. एका कार्तिकातल्या सकाळी तो धुक्यात डोंगा घेऊन गेला आणि उन्हं वर आल्यावर डोंगा एकटाच काठाला लागला. आत जाळं नीट घडी केलेलं होतं. वस्तीतल्या सगळ्यांनी कमळांच्या देठांत, शेवाळात, बांबूने तळ चाचपून पाहिला. तळं माणूस ठेवून घेत नाही, आज ना उद्या परत देतं, असा ढिवरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. या खेपेला तळ्याने दिलं नाही.

इथून खरं संकट सुरू झालं. बुडालेल्याची क्रिया झाल्याशिवाय त्या घराच्या डोंग्याने पाण्याला शिवायचं नाही, अशी त्यांची रीत होती. देह सापडत नसेल तर पिठाचा पुतळा करून क्रिया करता येते, हे मंगरूने बायकोला परोपरीने सांगितलं. ती एका वाक्यात मोकळी झाली.

"मी काय पुतळ्याले दूद पाजलं होतं?"

क्रिया राहिली. डोंगा बांधाखाली पालथा पडला. घर शेजाऱ्यांच्या वाट्यावर जगू लागलं. कुणी चार मासळ्या टाकी, कुणी ओंजळभर शिंगाडे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना वाटा देणारा मंगरू आता घेताना मान वर करीनासा झाला. देणाऱ्यांचे हातही हळूहळू आखडले. त्यांना दोष देत नाही मी. त्यांच्याही घरी तोंडं होतीच. माघात मी सहज डोंग्याजवळून गेले तर लाकडाला भेग पडलेली दिसली.

त्यातच गेल्या पावसात कललेली त्यांची मागची भिंत वैशाखात बसली. भिंतीला माती तळ्याचीच घेत, फुकटची आणि चिवट. ती ओली करून, तणस म्हणजे भाताचा पेंढा घालून, पायांनी तुडवायची आणि मग थर चढवायचे. मंगरूने तळ्यातून गाळ आणला, पाणी ओतलं आणि लुंगी खोचून त्यात उतरणार, एवढ्यात पुनाबाई आडवी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच मला अजून आठवतं.

"पाय नोको लावू त्याले. माहा पोरगा आहे त्या मातीत."

मंगरू मागे सरला. मग फावडं घेऊन पुन्हा तळ्यावर गेला, आणि अर्धवट सुकलेल्या गाळाचे जाड ठोकळेच्या ठोकळे कापून आणून त्याने ते एकावर एक रचले, फटी हातानेच लिंपल्या. असली भिंत टिकत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण दुःखाच्या घरात शहाणपण चालवायचं नसतं, एवढं त्याला माझ्यापेक्षा लवकर उमगलं. भिंत ओबडधोबड उभी राहिली, आणि पुनाबाई रोज तिला पाठ लावून बसू लागली.

आषाढाची झड लागली. आभाळ इतकं उतरलं की भरदुपारी घरात चाचपडावं लागे. अशाच एका दुपारी कुडापलीकडून हाक आली.

"मास्तरीनबाई, इकडे या जरा. भिंत बोलून रायली."

मी गेले. तिने माझा हात धरून भिंतीवर ठेवला. माती थंड होती, किंचित फुगलेली, आणि तिच्या आत काहीतरी होतं. टक्. मग हलकीशी घासट, नखाने पाटी खरवडावी तशी.  हात काढून घ्यावा असं वाटत होतं आणि घेता येत नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. आवाजाची नव्हे, मला त्या हसण्याची भीती वाटली.

पुढे दिवसचे दिवस ते चाललं. वस्तीतली माणसं यायची, भिंतीला कान लावायची आणि निघून जायची. आमचे हे येऊन गेले, ओल शिरल्यावर माती फुगते असं म्हणाले, आणि निघताना पुन्हा एकदा भिंतीला कान लावून गेले. पुनाबाई मात्र प्रत्येक टकटकीला उत्तर द्यायची. भूक लागली काय, थंडी वाजून रायली काय, असं काहीबाही विचारायची. शेवटी वस्तीने ठरवलं की भिंत पाडायची. मंगरूने कुदळ उचलली.  पुनाबाई भिंतीपुढे जाऊन उभी राहिली आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने कुदळ खाली ठेवली आणि ओसरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात भिंतीचा एक पोपडा गळून पडला. आतल्या भोकातून काहीतरी गोल, काळपट, ओलं पुढे सरकलं, क्षणभर अडलं, आणि टप्पकन जमिनीवर पडलं. घोंगा. तळ्यातली साधी पाणगोगलगाय. मग शेजारी दुसरा, वर तिसरा. बघता बघता सगळी भिंत पाझरू लागली. पाणी आटलं की हे जीव गाळात खोल उतरतात, शंखाचं झाकण लावून घेतात आणि पाणी येईपर्यंत निपचित पडून राहतात. वस्तीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, उन्हाळ्यात ते खणून काढून उकडून खातही असत. पण माती तुडवली की ते चिरडतात किंवा हाताला लागतात. ही माती कुणी तुडवलीच नव्हती. म्हणून भिंतीच्या अंधारात ते जिवंत राहिले होते.

कुणी हसलं नाही. सगळे पुनाबाईकडे बघत होते, आता ही काय करणार म्हणून. तिने सूप आणलं आणि एकेक घोंगा हलक्या हाताने उचलून त्यात ठेवला. मग नवऱ्याकडे वळली.

"डोंगा सिधा कर. यायले पान्यात सोडा लागते."

भेगेत डांबर आणि चिंध्या भरून डोंगा पाण्यात गेला. पुनाबाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. जिथे सोमाचा डोंगा शेवटचा दिसला होता तिथे तिने ते ओतलं, हात जोडले, आणि परत येऊन मंगरूला म्हणाली की झाली क्रिया. दुसऱ्या सकाळी मंगरू जाळं घेऊन गेला. पहिला वाटा त्याने आमच्याकडे पाठवला.

मी ही कथा इथेच संपवत आले आहे आजवर. माहेरी सांगितली, मैत्रिणींना सांगितली, आणि ऐकणाऱ्याला दर वेळी हायसं वाटलं. भुताच्या जागी गोगलगाय निघाली की माणसाला किती बरं वाटतं!

पण आमची बदली झाली तेव्हा चैत्र होता. तळं पार मागे गेलेलं, आभाळ कोरडं ठणठणीत, भिंत उन्हाने पांढरी पडलेली. निरोप घ्यायला गेले तर पुनाबाई तिला पाठ लावून सूपभर तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि भिंतीवर टेकवला. माती तापलेली होती, हाडासारखी टणक. त्यात ओलाव्याचा थेंब नव्हता. आणि आतून, अगदी जवळून, आलं. टक्.

मी तिच्याकडे पाहिलं. ती शांत होती.

"हा घोंगा नोहे," ती म्हणाली. "पह्यल्या दिवसापासून मले मालूम आहे. पन सोमाच्या बापाले सांगजा नोको, बाई. डोंगा पान्यात आहे. घर खाऊन रायलं."

मी सांगितलं नाही. परवा तिकडून आलेल्या माणसाकडून कळलं की मंगरू गेला. म्हणून आज तुम्हाला सांगते आहे. तिने सगळ्यांसमक्ष क्रिया केली ती भुकेल्या घरासाठी, आणि भिंत ठेवली ती स्वतःसाठी. आत्ता हे लिहिताना बाहेर झड लागली आहे. मी या पक्क्या भिंतीला हात लावून पाहिला. काही नाही. असणारच नाही, हिच्या विटांची माती चांगली तुडवलेली आहे.